हॉवर्ड घराणं तगलं, पण कोणाच्या जिवावर?

शांभवी:
'इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळात तगून राहावं ते नॉरफकचे ड्यूक असलेल्या हॉवर्डांनी, मुत्सद्देगिरी शिकावी तिसऱ्या ड्यूककडून' हे कालचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण.

१४८५ ला बॉसवर्थवर पहिला ड्यूक राजा तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने लढताना पडला, पदवी गेली, मुलगा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत. त्याच मुलाने सत्तरीत, १५१३ ला, फ्लॉडनची लढाई जिंकली. स्कॉटलंडचा राजा रणात पडला आणि पुढच्या वर्षी पदवी घरी आली. इथवर मुजरा.

पण तिसरा ड्यूक? १५३६ ला आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बोलीन हिच्या खटल्यात अध्यक्ष कोण, तर तिचा सख्खा मामा. शिक्षा सुनावली त्यानेच. १५४१ ला पुतणी कॅथरीन, हेन्रीची पाचवी राणी, हिचं प्रकरण फुटलं, तर काकाने राजाला पत्र लिहून तिच्यावर आणि स्वतःच्या सावत्र आईवर खापर फोडलं. पोरी राजाच्या पुढ्यात बसवायच्या, बुडायला लागल्या की हात झटकायचे. याला मुत्सद्देगिरी म्हणतात?

गढीवरचा:
साफ असहमत. पुरुष काय गादीवर लोळत होते? ड्यूकचा मुलगा सरे, इंग्रजी निर्यमक छंद रुजवणारा कवी, वंशचिन्हात जुना राजा एडवर्ड द कन्फेसर याचं चिन्ह घेतलं म्हणून १९ जानेवारी १५४७ ला त्याचा शिरच्छेद झाला. बापाचीही पाळी आलीच होती, २८ तारखेला पहाटे राजाच मेला म्हणून मान वाचली. नातू, चौथा ड्यूक, १५७२ ला तसाच गेला. तिसरा ड्यूक आठव्या हेन्रीपुढे भाचीसाठी उभा राहिला असता तर सगळं घर संपलं असतं. आजच्या चष्म्यातून बघू नका.

आक्का_कोरेगाव:
तिसऱ्या ड्यूकच्या बायकोचं नाव कुणीच घेत नाही. एलिझाबेथ स्टॅफर्ड. ड्यूकने बेस हॉलंड ही रखेल घरात ठेवली म्हणून ही भांडली, तर हिला रेडबर्नला नेऊन टाकलं, तिमाहीला ५० पौंडांवर. राजाचा मंत्री क्रॉमवेल याला पत्रांवर पत्रं: 'बायकांकडून मला बांधवलं, बोटांच्या टोकांतून रक्त येईपर्यंत. छातीवर बसल्या, मी रक्त थुंकले.'

गढीवरचा:
त्याच पत्रांत ती बेसला पोरांच्या खोलीतली धोबीण म्हणते. बेस चांगल्या घरची होती. ड्यूकनेही मारहाणीचे आरोप लेखी नाकारले होते. मग पत्रातलं प्रत्येक वाक्य वेदवाक्य कसं?

आक्का_कोरेगाव:
मत्सराने एक शब्द वाकडा गेला म्हणून रक्तही खोटं? लिहिताना लाज वाटली नाही?

माझ्या आजीची बहीण अशीच. नवऱ्याने दुसरी आणली, हिला मागच्या पडवीत टाकलं. भावाला कार्डं लिहायची. जागा संपली की कडेने, मग पत्त्याच्या बाजूला. भावाचं उत्तर एकच, 'नांदायला जा.' ती कार्डं माझ्याकडे आहेत. एलिझाबेथच्या सख्ख्या भावानेही तिला ठेवून घ्यायला नकार दिला, वर तिच्याच जिभेला दोष दिला. चारशे वर्षांनी आमच्याकडे तेच.

विनायक७४:
विषय हॉवर्डांचा आहे, पडवीचा नाही. १५८८ ला स्पेनच्या आरमाडाविरुद्ध इंग्लिश आरमाराचा सेनापती हॉवर्डच होता, त्यावर कुणी लिहील का?

शांभवी:
विषय पडवीचाच आहे, विनायकराव. घर तगलं म्हणताना पडवीतलीला मोजायचं की नाही, हाच वाद आहे.

गढीवरचा:
आक्का, त्या कार्डांबद्दल वाईट वाटलं. मारहाणीचं मागे घेतो. ड्यूकच्या नकारालाच मी पुरावा धरून बसलो होतो. पण ड्यूकची मुलगी मेरी हिने भाऊ सरेविरुद्ध जबानी दिली, ती कुठल्या खात्यात टाकणार? या घरातल्या बायकाही डाव खेळल्याच.

आक्का_कोरेगाव:
दिली जबानी. घरी राजाची माणसं दाराशी आलेली, बाप आणि भाऊ टॉवरमध्ये. आणि भाऊ गेल्यावर त्याची पोरं सांभाळली कुणी? त्याच मेरीने. शिकवायला जॉन फॉक्सला ठेवला. तुमचा चौथा ड्यूक तिच्याच हाताखाली वाढलाय.

गढीवरचा:
हे खरं आहे. मान्य.