एक्सेल: आडव्या तारखा उभ्या कशा करायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब माझ्या गळ्यात पडलाय. आधीच्या माणसाने शीट वहीसारखी मांडली आहे. पहिल्या खान्यात कोड आणि नाव एकत्र ('१०७-शांताबाई'), पुढे १ ते ३१ तारखांचे कॉलम आणि प्रत्येक खान्यात लिटर व फॅट मिळून '१२.५/४.१'.

मला कोड, नाव, तारीख, लिटर, फॅट असे पाचच कॉलम हवेत, दर दिवसाची वेगळी ओळ. म्हणजे पिव्होट टेबलने (बेरजांचा गोषवारा काढणारा तक्ता) दहा दिवसांचं बिल काढता येईल.

ट्रान्सपोज केलं, तर नुसती ओळी-कॉलमची अदलाबदल झाली. टेक्स्ट टू कॉलम्स (खान्यातला मजकूर तोडून वेगळ्या कॉलममध्ये टाकणारी सोय) एका वेळी एकच कॉलम घेतं, वर शेजारचा खाऊन टाकतं. ३१ वेळा कोण करत बसणार? माझ्याकडे एक्सेल २०१६ आहे, त्यात पॉवर क्वेरी (डेटाची मांडणी बदलायचं साधन) दिसते. तिथे आधी अनपिव्होट (तारखांच्या कॉलमच्या ओळी) करू की आधी स्प्लिट (एकत्र लिहिलेलं वेगळं)?

खरी डोकेदुखी मात्र वेगळीच आहे. जिथे आकडे पूर्ण होते, तिथे '१२/४' चं एक्सेलने परस्पर १२ एप्रिल करून टाकलंय! त्याचं पुन्हा १२ लिटर, ४ फॅट कसं करायचं? हाताने दुरुस्त करायला बसलो तर बिलाचा दिवस उलटून जाईल.