इनक्युबेटरला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

सुपारीबाग: आरोग्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय, त्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा इनक्युबेटर सारखा येतोय. 'उबवणी यंत्र' लिहिलं तर डोळ्यासमोर थेट पोल्ट्रीच येते हो. माणसाच्या लेकराला उबवणी कसं लिहू?

शब्दखोर: पोल्ट्री येते ते बरोबरच की, कारण कल्पना आलीच तिथनं. स्तेफान तार्निए म्हणून पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ, ते १८७८ च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले, कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र बघितलं आणि तिथल्या ओदिल मार्तांनाच सांगितलं की बाळांसाठी असंच एक करून द्या. मग ते मातेर्निते हॉस्पिटलात बसलं, खाली गरम पाण्याची टाकी आणि वर बाळं, तीपण एकात एकाहून जास्त मावायची. २००० ग्रॅमच्या आतल्या बाळांचे मृत्यू ६६ टक्क्यांवरून ३८ वर आले! फ्रेंचमधे त्याला म्हणतात 'कूव्हझ', म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी, आपली खुडूक. जर्मन त्याहून वरताण, १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात खरीखुरी बाळं ठेवून लोकांना दाखवली आणि नाव काय तर मुलं उबवायचं केंद्र. त्यांना नाही लाज वाटली तर आपण कशाला लाजायचं.

कोकमसार: पण घरात उबवणी म्हणतं का कोणी? 'बाळाला काचेत ठेवलंय' म्हणतात, फार तर काचेच्या पेटीत. मी पेटीच लिहीन. आणि 'सातमाशी' पण वापरा राव, चांगला शब्द मरायला टेकलाय.

शब्दखोर: पेटीला +१, फक्त पहिल्यांदा 'ऊब देणारी काचेची पेटी' असं फोडून लिहा, नुसत्या काचेत ऊब हरवते. शिवाय काच म्हटलं की मला तो मार्टिन कूनी आठवतो, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला जत्रेच्या गर्दीत १९०३ पासून १९४३ पर्यंत पेटीतली बाळं तिकीट लावून दाखवायचा, आईबापांकडून एक पैसा नाही, नर्सांचा पगार आणि बाकी खर्च सगळा तिकिटातून. डॉक्टर म्हणवायचा पण डिग्रीचा पत्ता नाही. तमाशा तर होताच, पण बऱ्याच हॉस्पिटलांकडे तेव्हा अशा बाळांची सोयच नव्हती आणि याने हजारो जगवली, त्यामुळे मला तरी माणूस आवडतो.

सुपारीबाग: ओके, पेटी फायनल. याच लेखात पुढे आजाराचा इनक्युबेशन पिरियड पण आहे, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, तिथे काय?

शब्दखोर: तिथे 'अधिशयन काळ' रूढ आहे, तोच ठेवा. बाळाला मात्र चुकूनही लावू नका, कोणाला ओ की ठो कळणार नाही.