‘कॅन्सर कुणी निवडत नाही, नशा निवडतात’ ही पोस्ट ज्यांना पटली त्यांच्यासाठी

उंबरठा
कालपासून एक पोस्ट सगळीकडून पुढे येते आहे. सारांश असा: कॅन्सर कुणी निवडत नाही, गर्द (हेरॉईनचाच एक प्रकार) माणूस स्वतःच्या हाताने ओढतो, म्हणून व्यसनाला आजार म्हणणं हा खऱ्या रुग्णांचा अपमान आहे. दया दाखवायचीच तर घरच्यांना दाखवा. खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. गप्प बसवेना म्हणून हा धागा.

पहिला झुरका निवडलेला असतो, कबूल. पण पहिला झुरका घेणारे बहुतेक जण व्यसनी होतच नाहीत. कोण अडकणार यात आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानाने निम्मा. बाकी मग सुरुवात कोणत्या वयात झाली, लहानपणी काय सोसलं, नैराश्य होतं का, यावर. दोन मित्र एकाच रात्री एकच वस्तू ओढतात. एक घरी जाऊन झोपतो, दुसऱ्याच्या आयुष्याची दहा वर्षं जातात. निवड दोघांची सारखीच होती ना? मग एकट्या दुसऱ्यालाच गुन्हेगार का ठरवायचं? आणि आयुष्यभर विड्या ओढून फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्याला आपण हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवतो का?

सरळसोट
पहिला झुरका राहू द्या. त्यानंतरच्या शेकडो झुरक्यांचं काय? दर वेळी हा माणूस पैसे उभे करतो, विकणाऱ्याला गाठतो, घरी थाप मारतो. फिट आलेल्याला इतकं नियोजन जमतं का?

व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. तिथे हेरॉईनच्या आहारी गेलेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले सुमारे ५ टक्के. कुठला कॅन्सर विमानातून उतरल्यावर बरा होतो? दुसरं, अमेरिकेतच ९०४ व्यसनी डॉक्टरांचा पाच वर्षं पाठपुरावा केला होता, २००८ मध्ये छापून आलाय. बहुसंख्य डॉक्टर क्लीन, म्हणजे नशेपासून दूर, राहिले, कारण परवाना जाणार होता. गमावण्यासारखं काही असलं की माणूस थांबतो. म्हणजे थांबता येतं. याला मी निवड म्हणतो.

उंबरठा
सैनिक तेच होते. युद्ध मागे राहिलं, हाताशी मिळणारं स्वस्त हेरॉईन मागे राहिलं आणि पुढे घर होतं. ज्याचं घर आणि गर्द विकणारा एकाच गल्लीत आहेत, त्याने कुठल्या विमानात बसायचं?

वॉर्ड सात
@सरळसोट, डॉक्टरांचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स आहे. त्या डॉक्टरांना आधी नीट उपचार मिळाले, मग वर्षानुवर्षं अचानक लघवीची तपासणी, गटसभा, आणि परतायला नोकरी. एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, की लगेच हाकललं, असं नाही, उपचार वाढवले. माझ्या वॉर्डातल्या माणसाला यातलं काय मिळतं? बाहेर पडला की तोच कट्टा, तेच मित्र, नोकरी नाही. त्यांना मिळालं ते सगळं याला द्या आणि मग विचारा की तू का थांबत नाहीस.

रातराणी
तुम्हा सगळ्यांचं वाचून अंगाचा तिळपापड झाला. माझा सख्खा भाऊ गर्दच्या नादी लागला. आईच्या बांगड्या गेल्या, माझ्या फीचे पैसे गेले, बाबांना त्याने ढकललं तेव्हा त्यांचं मनगट मोडलं. नातेवाईक यायचे ते विचारायचे, “तो कसा आहे? बिचारा.” मी त्याच घरात, त्याच आईबापांची. तीच आनुवंशिकता ना उंबरठा? मी काही ओढलं नाही, मुकाट अभ्यास केला, घर चालवलं, म्हणून मी कशी आहे हे कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. त्याचा वाढदिवस क्लीन राहिल्याचा म्हणून साजरा व्हायचा. माझा लक्षातही राहायचा नाही.

करुणा लांबून फार सोपी असते. ज्यांच्या कपाटाला कुलूप लावावं लागलं नाही त्यांनी मला करुणा शिकवू नये.

सरळसोट
रातराणीताई, हेच मला म्हणायचं होतं. तुम्ही नेमकं मांडलंत.

रातराणी
नाही, तुमचंही म्हणणं माझं नाही. तुम्हाला वाद जिंकायचाय.

कडीकोयंडा
निवड निवड करणाऱ्यांना एक विचारायचंय. माझ्या बायकोचं मणक्याचं ऑपरेशन झालं. अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनीच लिहून दिल्या, वाढवल्या, आणि एक दिवस अचानक बंद केल्या. त्यानंतर तिला घाम, जुलाब, हाडं पिंजल्यासारखी दुखणं. औषध एकदम तुटल्यावर होणाऱ्या या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात हे मला नंतर कळलं. तिने कधी काय निवडलं? अमेरिकेतल्या पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही तसलीच वेदनाशामक गोळी १९९६ मध्ये बाजारात आणली, व्यसनाचा धोका कमी असल्याचं डॉक्टरांना सांगितलं, २००७ मध्ये तिच्या सहयोगी कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये खुद्द पर्ड्यूने. तिथे दोष वाटायला कुणी उभं राहत नाही. शिव्या द्यायला गर्दुल्ला बरा.

वॉर्ड सात
आता तुमच्या पत्नी कशा आहेत? ब्युप्रेनॉर्फिनबद्दल, म्हणजे तलफ आवरणाऱ्या गोळीबद्दल, कुणी सांगितलं का?

पुन्हा पहिल्यापासून
झालं, आली गोळी! मी स्वतः गर्दमधून बाहेर पडलोय, एकही गोळी न घेता, गटसभा आणि दोस्तांच्या आधारावर. मेथाडोन काय, ब्युप्रेनॉर्फिन काय, अफूच्याच जातीची औषधं. एका मालकाकडून सुटून दुसऱ्याकडे चाकरी. आमच्या गटात गोळीवाले सभेला येतात, पण त्यांना आम्ही क्लीन धरत नाही. ती गोळी विरघळवून सुईने घेणारेही मी डोळ्यांनी पाहिलेत.

जिभेखाली
तुमच्यासारख्यांनीच मला मारलं असतं. मी रोज सकाळी ती गोळी जिभेखाली ठेवतो आणि कामाला जातो. पूर्वी सकाळ उजाडली की पहिला विचार मालाचा असायचा. गोळीने मला नशा चढत नाही, तलफ उठत नाही, मुलीची फी वेळेवर जाते. गटात मला बोलू देत नव्हते, “आधी गोळी सोड, मग बोल.” मानाखातर सोडली. पुढे काय व्हायचं ते झालं, स्लिप झालो. मी वाचलो. माझ्याबरोबर गोळी सोडलेला दोस्त वाचला नाही. पूर्वीचाच डोस घेतला, शरीराची सवय मोडलेली होती. तुमची ‘क्लीन’ची व्याख्या त्याच्या चितेवर जळली.

पुन्हा पहिल्यापासून
तुमचा दोस्त गेला याचं वाईट वाटतं. पण त्याचा मृत्यू माझ्या माथी मारू नका. मीही माणसं पुरलीत आणि जाळलीत. ज्याला पूर्ण सुटता येतं त्यालाही डॉक्टर सरळ गोळी लावून मोकळे होतात, बोलायला कुणी बसत नाही, ही माझी तक्रार आहे.

वॉर्ड सात
बोलायला कुणी बसत नाही, ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. बाकीचं नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा असर एका मर्यादेनंतर वाढत नाही, म्हणून श्वास थांबण्याचा धोका हेरॉईनपेक्षा खूप कमी. सुईने घेऊ नये म्हणूनच त्यात बऱ्याचदा नालोक्सोन (अफूवर्गीय नशेचा असर उतरवणारं औषध) मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आणि जिभेखाली यांनी सांगितलं ते पुन्हा सांगते, कारण दर वेळी हेच होतं: तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात घातक. सहनशक्ती उतरलेली असते, हात मात्र जुनाच डोस घेतो. आत टाकून अद्दल घडवू म्हणणाऱ्यांनी ते पंधरा दिवस डोळ्यांसमोर आणावेत.

अजून एक. दारुड्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नका. त्यात फिट येतात, भ्रम होतो, माणूस दगावतो. आमच्याकडे अशी माणसं उशिरा येतात, आणि कोंडणारी सख्खीच असतात, त्याच्या भल्यासाठी.

सरळसोट
विषय दोषाचा होता, तुम्ही औषधाच्या दुकानात शिरलात. ठीक आहे, गोळीने माणूस मरायचा राहत असेल तर द्या. यात मला हरल्यासारखं वाटत नाही. पण माझा प्रश्न तसाच आहे. ताईंच्या बाबांचं मनगट कुणी मोडलं, मेंदूने की भावाने?

जिभेखाली
भावाने. मीही घरात चोऱ्या केल्यात आणि कुणी त्या आजाराच्या खात्यावर टाकल्या तर मला ते नको. बहिणीचे पैसे मी अजून फेडतोय. फेडू शकतो कारण जिवंत आहे.

कडीकोयंडा
@वॉर्ड सात, उशीर झाला उत्तराला. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ऑपरेशन करणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, “मनाचा निश्चय हवा.” आता दुसरीकडे दाखवतो.

रातराणी
@वॉर्ड सात, माझा भाऊ पुढच्या महिन्यात सुटतोय. मी त्याला घरात घेणार नाही. आई मात्र घेणार, मला माहीत आहे. ते दोन आठवड्यांचं वाचून झोप लागली नाही. नालोक्सोन घरात ठेवता येतं का?

वॉर्ड सात
त्याच्या डॉक्टरांकडे आत्ताच मागा, तो सुटायच्या आधी. ब्युप्रेनॉर्फिन आतच सुरू करता येईल का तेही विचारा. नाकात मारायचा फवारा असतो, इंजेक्शनही असतं. ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, हाक मारूनही हलत नाही आणि श्वास मंद, तर लगेच द्यायचं. रुग्णवाहिका बोलवा, तोंडाने श्वास द्या, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. नालोक्सोन साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतं, हेरॉईन त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकतं, म्हणून जागा झाला तरी त्याला एकटं सोडायचं नाही. आईला आधी दाखवून ठेवा.

रातराणी
दाखवते. घरात मात्र मी त्याला घेणार नाही, आणि यावर मला कुणी समजावू नये.