मोटार रिवाइंड करू का, वायर बदलू? आणि मीटर कुठला घेऊ?

खानापूर_शिवार:
नमस्कार मंडळी. घरापासून 120 मीटरवर विहीर, त्यावर 1 एचपीची सिंगल फेज मोटार. घरातून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढलीय. महिना झाला, बटण दाबलं की नुसती हूं करते. तीन-चारदा मारल्यावर उचलते आणि अर्ध्या तासात हात लावू देत नाही एवढी तापते. कपॅसिटर नवा घातला, फरक नाही. एका दुकानात सांगितलं, रिवाइंड करा, म्हणजे आतलं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग काढून नवं गुंडाळा.

वायर सोडवून मल्टिमीटर लावला तर वाइंडिंग 4 ओहम दाखवतं. लेक दहावीला आहे, तिने सूत्र घातलं: 230 भागिले 4 म्हणजे 57 अँपिअर, त्याला 230 ने गुणलं तर 13 हजार वॅट! 1 एचपी तर 746 वॅटच. मग वाइंडिंग शॉर्ट झालंय ना? वायर न तोडता जबड्यात धरून प्रवाह मोजतो तो क्लॅम्प मीटर घ्यायचाय, कसला घेऊ तेही सांगा की. मिरचीचा वाफा सुकायला लागलाय.

उद्यमबाग_वाइंडर:
दादा, मोटार उघडू नका. 1 एचपीला 4 ओहम हा बरा आकडा आहे, माझ्या टेबलावर रोज असे येतात. लेकीचं गणित बरोबर आहे, फक्त ते मोटारीला लागत नाही. मल्टिमीटर तांब्याचा नुसता रोध मोजतो. एसीवर वाइंडिंगचं चुंबकत्व आडवं येतं, आणि मोटार फिरायला लागली की ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. म्हणून चालू मोटार सात-आठ अँपिअरच घेते. सुरू होताना मात्र त्याच्या कितीतरी पट ओढते, आणि तेवढ्यात वायरवर व्होल्टेज पडतं. सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर चालते. 230 चे 180 झाले तर 61 टक्केच ताकद उरते. हूं तिथून येतंय असं मला वाटतं.

मीटर साधा एसी क्लॅम्पवाला घ्या, कॅट 3 (हा सुरक्षेचा वर्ग), 600 व्होल्ट लिहिलेला. डीसी क्लॅम्पचे जादा पैसे घालू नका. जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज-न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर शून्य दिसतं, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना मारतात.

विज्ञानाची_बाई_बेळगाव:
वायरची परीक्षा मोटारीवर घेऊ नका, तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो, म्हणजे प्रवाह आणि व्होल्टेज एका तालात चालत नाहीत, आणि साधी वजाबाकी चुकते. विहिरीच्या टोकाला मोटारीऐवजी पाणी तापवायचा 1000 वॅटचा रॉड लावा. त्याला दहावीचं सूत्र जसंच्या तसं लागू पडतं. रॉड आधी बादलीत बुडवा, मग बटण दाबा, आणि चालू असताना पाण्यात बोट घालू नका. घराकडचं व्होल्टेज, विहिरीकडचं व्होल्टेज आणि अँपिअर, हे तीन आकडे आणा. लेकीलाच लिहू दे.

खानापूर_शिवार:
आणले बाई. घरी 228, विहिरीवर 212, प्रवाह 4.0.

विज्ञानाची_बाई_बेळगाव:
फार छान आकडे आहेत. आधी रॉडच तपासू. 212 भागिले 4 म्हणजे 53 ओहम. रॉडवर 230 व्होल्ट, 1000 वॅट लिहिलंय, म्हणजे 230 चा वर्ग भागिले 1000, 52.9 ओहम. जुळलं, म्हणजे तुमच्या मीटरवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आता वायर. मध्ये 16 व्होल्ट गळाले, 4 अँपिअरला 16, म्हणजे 4 ओहम. तांब्याचा 1 चौरस मिलिमीटरचा मीटरभर तुकडा साधारण 0.0172 ओहमचा. तुमची जाऊन-येऊन 240 मीटर, जाडी दीड: 2.75 ओहम. उन्हाने वायर तापते, तेही धरलं तरी 3 च्या आत. मग वरचा 1 ओहम कुठून आला? वाटेत जॉइंट आहे का?

खानापूर_शिवार:
आहे. आंब्याच्या बुंध्याशी, दोन वर्षांपूर्वी पिळून टेप गुंडाळलेला.

उद्यमबाग_वाइंडर:
तोच. मोटार 9 अँपिअर घेत असेल तर 9 चा वर्ग गुणिले 1, म्हणजे 81 वॅट त्या पेराएवढ्या गाठीत जळतात. 25 वॅटच्या तीन सोल्डरिंग इस्त्र्या एकत्र ठेवल्यासारखं. मेन बंद करूनच उघडा.

खानापूर_शिवार:
उघडला. टेप विरघळून वायरला चिकटली होती, आतले तांब्याचे धागे काळे-हिरवे, पाच-सहा तर हातात तुटून आले. चांगलं तांबं लागेपर्यंत कापलं, क्रिंप करून डबीत बसवलं. पुन्हा रॉड लावला: 228, 216, 4.1 अँपिअर. लेकीने वहीत मांडलं, 12 भागिले 4.1, म्हणजे 2.9 ओहम. संध्याकाळी मोटार पहिल्या बटणाला उचलली. अजून कोमट होते, पण हात ठेवता येतो. बाई, दादा, रिवाइंडिंगचे पैसे वाचवलेत.

निपाणी_पंप:
वायर तरीही बारीक आहे. चार चौरस मिलिमीटरची ओढलीत तर 1 ओहमवर येईल. दोन कोरची केबल 120 मीटर पुरते. कॉइल 90-100 मीटरचं मिळालं तर जॉइंट द्यावाच लागेल, तो जमिनीत पुरू नका, वर खांबाला डबीत ठेवा.

खानापूर_शिवार:
मिरचीचा पहिला तोडा विकला की चारचीच घेतो. तोवर आठवड्याला एकदा डबी उघडून बघत जाईन.