हाडं सापडत नाहीत म्हणून तिथे रांधत नव्हते?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की आयर्लंडच्या जळक्या दगडांच्या ढिगांत (फुलाख्त फिया, म्हणजे बहुतेक कांस्ययुगातल्या अशा जागा जिथे तापलेले दगड खड्ड्यात टाकून पाणी गरम करत आणि वापरलेले दगड शेजारी टाकून देत) हाडं फारशी मिळत नाहीत, म्हणजे तिथे मांस शिजत नसणार. मला हे अर्धंच पटतं. तिथल्या बऱ्याच जमिनी आम्लधर्मी, त्यात हाडं विरघळून जातात. शिवाय खाणं दुसरीकडे होत असेल तर हाडं चुलीपाशी कशाला पडतील?

प्रयोगाचा उल्लेख इथे अजून आलेला नाही. १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ प्रा. ओ'केली यांनी कॉर्क परगण्यातल्या बॅलीव्हुर्नी इथे खड्डा पाण्याने भरून त्यात तापलेले दगड टाकले. सुमारे ४५० लिटर पाणी अर्ध्या-पाऊण तासात उकळलं! मग साडेचार किलोची मेंढीची तंगडी पेंढ्यात गुंडाळून आत सोडली, अधूनमधून एखादा दगड टाकत राहिले, आणि ३ तास ४० मिनिटांत ती व्यवस्थित शिजली. २००७ साली गॉलवेत दोघा पुरातत्त्वज्ञांनी याच पद्धतीने चक्क बिअरही करून दाखवली. अर्थात करता येतं म्हणजे तेच करत होते असं नाही. आंघोळ, कातडी कमावणं हेही दावेदार आहेतच. कॉर्कमधल्याच ड्रॉम्बेग इथल्या अशा जागेत मात्र दगडी कुंड, चूल आणि विहीर अगदी खेटून आहेत. ते पाहिल्यावर माझं मत तरी स्वयंपाकालाच.