शब्दचर्चा : संकेतस्थळाचा ‘संग्रह’, ‘अभिलेखन’ की ‘जतन’?

इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरातील संकेतस्थळांच्या प्रती घेत आहे आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’वर त्या कोणालाही पाहता येतात. या कामाविषयी मराठीत लिहिताना ‘आर्काइव्ह करणे’ या क्रियापदासाठी कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद १ :
‘अभिलेखन’ टाळावे, असे माझे मत आहे. ‘पुराभिलेख’ म्हटले की व्यवहार संपून दप्तरात गेलेली कागदपत्रे डोळ्यांसमोर येतात. संकेतस्थळ असे संपत नाही; वर्तमानपत्राचे मुखपृष्ठ सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरेच. हाती येते ती त्या क्षणाची प्रत, म्हणून साधे ‘प्रत घेणे’ पुरेसे आहे.

प्रतिसाद २ :
प्रत घेण्यापुरते ते ठीक आहे, पण प्रत घेतली म्हणजे जतन झाले असे नव्हे. युनिकोड (प्रत्येक अक्षरचिन्हाला एकच ठरलेला संकेतांक देणारी प्रमाण पद्धत) रुळण्यापूर्वीची बरीचशी मराठी संकेतस्थळे आपापला फाँट वापरीत आणि पान उघडताच ती फाँटची फाइल वाचकाच्या संगणकावर उतरत असे. आज अशा पानाची प्रत सापडली, तरी फाँट साठवलेला नसतो किंवा आताचा ब्राउझर तो स्वीकारत नाही, त्यामुळे लेखाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. मोडी न येणाऱ्याने पेशवे दप्तरातला रुमाल (कापडात बांधलेला कागदपत्रांचा गठ्ठा) सोडावा, तशी गत होते. याला मी ‘संग्रह’ म्हणेन. ‘जतन’ हा शब्द मजकूर वाचता येत असेल तरच वापरावा.

प्रतिसाद ३ :
हा भेद पटला. तसे असेल तर त्या पानांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे जतनच ठरते, मात्र एका अटीवर. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. रूपांतरक तिथेच चुकतात आणि ‘वर्तमान’चा रफार ‘म’वर जाऊन बसतो. शिवाय प्रत्येक फाँटची संकेतरचना वेगळी, त्यामुळे एकच रूपांतरक सगळीकडे चालत नाही. म्हणून रूपांतरित पानासोबत मूळ फाइल आणि फाँट, दोन्ही ठेवायला हवेत. लेखी वापरासाठी माझी सूचना अशी : यंत्राने घेतलेल्या नोंदीला ‘प्रत’, अशा प्रतींच्या साठ्याला ‘जालसंग्रह’ आणि त्या वाचनीय ठेवण्याच्या कामाला ‘जतन’ म्हणावे.