टर्मिनलच्या खिडक्यांचा पसारा: टीमक्स, स्क्रीन की झेलिज?

नमस्कार मंडळी,

घरून काम करतो, लॅपटॉपवर उबुंटू आहे. रोज तीन सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सुरक्षित जोडणी) जावं लागतं आणि दुपारपर्यंत दहा-बारा टर्मिनल (कमांड लिहायच्या खिडक्या) उघडी पडतात. परवा टेस्ट सर्व्हरची समजून लाइव्ह सर्व्हरच्या (जो खरे वापरकर्ते वापरतात) खिडकीत सर्व्हिस रीस्टार्ट केली. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला घाम फुटला.

सध्या टर्मिनेटर हे टर्मिनलचं ॲप वापरतोय. एका खिडकीचे चार तुकडे होतात, ते झकास. पण गेल्या आठवड्यात डेटाबेस रिस्टोअर करत होतो, दोन तास झाले होते आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर मात्र बंद. कनेक्शन तुटलं, रिस्टोअरही गेलं. पुन्हा श्रीगणेशा.

ऑफिसातले सीनियर म्हणतात, स्क्रीन वापर (स्क्रीन, टीमक्स, झेलिज ही तिन्ही एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारी साधनं). पण एक सर्व्हर रेड हॅट लिनक्स 8 चा, तिथे ते मुळात येत नाही. मैत्रीण झेलिजच्या प्रेमात आहे. टीमक्स उघडलं तर खाली हिरवी पट्टी आली, बस्स. बाहेर कसं पडायचं तेही कळेना, शेवटी खिडकीच बंद केली. काय घेऊ?

प्रतिसाद १
तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करताय. टर्मिनेटर तुमच्या लॅपटॉपवर तुकडे पाडतो, टीमक्स सर्व्हरवर मुक्काम ठोकतं. एसएसएच तुटलं की शेलला (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) हँगअप सिग्नल (जोडणी तुटल्याची सूचना) जातो आणि तिच्यातलं काम मरतं. टीमक्सच्या आतली शेल टीमक्सच्याच प्रोसेसखाली असते, त्यामुळे तिला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आधी एसएसएच, मग टीमक्स, उलटं नाही. बाहेर पडायला कंट्रोल-बी, बोटं उचला, मग डी. परत यायला 'टीमक्स अटॅच'.

स्क्रीन 1987 पासूनचं, पण रेड हॅटने 8 मध्ये ते काढलं. टीमक्स त्यांच्या मूळ पॅकेज भांडारात आहे. झेलिज खाली कळा लिहून दाखवतं, नवख्याला सोपं, पण प्रत्येक सर्व्हरवर बसवायला कोण देणार? टीमक्सच घ्या. माउस ऑन करा आणि हिस्टरी (मागे सरकवून पाहता येणाऱ्या ओळी) वाढवा, मुळात 2000 ओळीच ठेवतं.

प्रतिसाद २
लाइव्ह सर्व्हरच्या टीमक्स कॉन्फिगमध्ये पट्टीचा रंग लाल करून टाका. आमच्याकडे तेव्हापासून असले घोळ थांबले. आणि सर्व्हरच रीबूट झाला तर टीमक्सही जातं बरं का.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! मघाशी सर्व्हरवर टीमक्समध्ये पिंग (नेटवर्क तपासत सतत आकडे छापणारी कमांड) चालू ठेवून राउटर मुद्दाम बंद केला (घरच्यांची बोलणी खाल्ली). पाच मिनिटांनी अटॅच केलं, तर पिंगचे आकडे पुढे सरकलेले! कंट्रोल-बीला करंगळी ताणावी लागते म्हणून कंट्रोल-ए करणार होतो, पण बॅश शेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायला तेच लागतं. तेव्हा बीच राहू दे. पट्टी लाल केली आहे.